आईनं सांगितलेलं नाक

आधीच सांगून टाकतो, ह्या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. पिंपळाखालची बाई, बंद खोलीतला खोकला... बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि वर म्हणायचो, ह्या लोकांना रात्रीचं जेवण जड होत असणार. मी भिक्षुकाचा मुलगा. आमच्या घराण्याची कितवी तरी पिढी बनारसमध्ये आहे, आणि नाना, म्हणजे माझे वडील, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं दशाश्वमेधावर करायचे. पिंड, दर्भ, तीळ हे सगळं मी लहानपणापासून स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं बघितलेलं. हलवायाच्या पोराला मिठाईचं कौतुक नसतं, तसं माझं झालं होतं.

आमची मराठी बनारसी आहे, मध्येमध्ये हिंदी घुसते, तेवढं सांभाळून घ्या. आणि एक, ही गोष्ट भुताची नाही. भूत असतं तर बरं झालं असतं. निदान सांगताना मान वर ठेवता आली असती!

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. गोदौलियाहून घाटाकडे उतरताना एका गल्लीत माझं दुकान होतं. शिकलो होतो पेंटिंग, पोटासाठी छापत होतो लग्नपत्रिका. एक कंप्युटर, एक स्कॅनर, एक रंगीत प्रिंटर, आणि बिजली असेल तेवढा वेळ काम. पण धंदा खरा चालायचा तो लोकांच्या पूर्वजांवर. उंदरानं कुरतडलेले, बुरशी लागलेले फोटो घेऊन लोक यायचे. मी ते स्कॅन करायचो आणि माउसनं रंगवून नवे करून द्यायचो. नुसते नवे नाही, सुधारून. कुणाच्या आजोबांचं नाक वाकडं असलं तर मी सरळ करायचो, एक डोळा बारीक असला तर दुसऱ्यासारखा करायचो. चेहऱ्याचं गणित माझं पक्कं होतं. केसांपासून भुवया, भुवयांपासून नाकाचं टोक, तिथून हनुवटी, तिन्ही भाग सारखे. दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा मावेल एवढी जागा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. माझी स्वतःची तक्रार एकच होती, की माझे सगळे चेहरे प्लास्टिकचे दिसायचे. सुंदर आणि मेलेले. आता ती माणसं मेलेलीच असायची, त्यामुळे कुणी काही बोलायचं नाही म्हणा.

माझा एक धाकटा भाऊ होता, विनायक. आमचा विनू. नानांच्या मनात त्यानं भिक्षुकी करावी असं होतं, आणि विनूच्या मनात भिक्षुकी सोडून बाकी सगळं होतं. बारावीत असताना एक दिवस तो शेंडी कापून घरी आला. जेवताना नाना म्हणाले, "ह्या घरात राहायचं तर भटासारखं राहा, नाहीतर वाट मोकळी आहे." विनू ताटावरून उठला, मोरीत हात धुतला आणि गेला. आम्हाला वाटलं, संध्याकाळी येईल. नानांनी त्याचं ताट झाकून ठेवायला लावलं होतं, हेही सांगतो, नाहीतर तुम्हाला ते राक्षस वाटतील.

तो आला नाही. बारा वर्षं गेली. 

आणि आमच्यात शास्त्र असं की, माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली, काही ठावठिकाणा नाही, तर तो गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करायचा आणि त्याचा दहनविधी करायचा. पालाशविधी म्हणतात त्याला. नानांनी दुसऱ्यांच्या घरचे असे कितीतरी केलेले. त्या वर्षी पितृपक्ष जवळ आला तसे ते एक दिवस उपरण्याची घडी घालत, खाली बघूनच बोलले, "मी घाटावर लोकांना सांगतो, बारा वर्षं झाली, आता मोकळं करा त्याला. आणि माझ्याच घरी अडकलंय. बाकीचे पंडित विचारतात. काय उत्तर देऊ?"

आई गहू निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "डोक्याच्या जागी काय लावता हो तुम्ही? नारळ ना?"

"हो. शास्त्रात तसंच आहे."

"म्हणजे माझ्या लेकाला नारळाचं तोंड?"

आई माझ्याकडे वळली. "तू लोकांचे मेलेले आजे-पणजे उभे करतोस. मला माझा विनू करून दे. गेला तेव्हाचा नको, तो मला पाठ आहे. आज जसा असेल तसा. एकदा त्याचं तोंड बघते, मग काय जाळायचं ते जाळा."

तर असं ते काम माझ्याकडे आलं.

विनूचा शेवटचा फोटो म्हणजे दहावीच्या फॉर्मवरचा, बोटाच्या पेराएवढा. तो स्कॅन केला. पोरवयाचा चेहरा तिशीचा करायचा तर काय होतं ते मला माहीत होतं. जबडा लांबतो, गाल उतरतात, डोळे तेवढेच राहतात पण चेहरा वाढल्यामुळे लहान वाटतात. नानांचे आणि काकांचे तरुणपणीचे फोटो शेजारी ठेवले, सगळी मापं बसवली, आणि छान रुबाबदार माणूस तयार केला. सरळ नाक, भरलेले ओठ, दोन्ही डोळे एका रेषेत. मीच खूश झालो. दुपारी आईला दुकानात आणून स्टुलावर बसवलं.

तिनं बघितलं. "कोण हा?"

"अगं, विनू."

"चल! हा कुठला विनू? हा कुणीतरी नवरदेव आहे पत्रिकेवरचा."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "मग तूच सांग कसा आहे तो."

आणि ती सांगायला लागली. डोळे पांढरे केले, आवाज बदलला, असलं काही झालं नाही. शिंप्याला ब्लाउजचं माप सांगावं इतक्या सरळपणे सांगत होती. फक्त एक, सांगताना तिचा हात स्वतःच्या चेहऱ्यावर फिरत होता, लहान मुलाचं तोंड पुसतात तसा.

"डावी पापणी जरा नीचे घे. अजून. हां. नाक इथं, मधोमध, बसलंय बघ. आणि खाली टेढं झालंय."

"टेढं कशानं होईल?"

"मला काय ठाऊक? आहे. आणि वरचा ओठ आत घे. पुढचे दात नाहीत त्याला."

"आई, तो तिशीचा आहे गं! दात कसे पडतील?"

"मी पाडले का? नाहीत तर नाहीत. आणि हनुवटीला इथं दाढी उगवत नाही, एवढीशी जागा कोरी सोड."

"तुला दिसतोय का तो?"

"दिसत नाही रे. हाताला कळतं."

मी करत गेलो. दोन-तीन दुपारी हे चाललं होतं. ती घरी गेली की मी नाक हळूच थोडं सरळ करायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती आल्या आल्या बोट ठेवायची, "हे तू पुन्हा बिघडवलंस." एकदा शेजारचा साडीवाला चहा प्यायला आत आला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अरे भइया, ई के हउवन? कउनो एक्सीडेंट भयल का?" हा कोण, म्हणून विचारत होता. मला इतकी लाज वाटली त्या चेहऱ्याची... म्हटलं, गिऱ्हाईकाचं काम आहे. आई शेजारीच बसली होती.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते चित्र पुरं झालं तेव्हा माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक चेहरा प्लास्टिकचा दिसला नाही. सगळी मापं चुकलेली, एक बाजू दुसरीशी जुळत नाही, आणि तरी हा माणूस आत्ता खोकेल असं वाटत होतं. आईनं बघितलं आणि म्हणाली, "आला. बस कर आता." त्याचा एक प्रिंट काढून दिला. माझी पहिली, रुबाबदार फाईल मी पुसली नाही, उलट बायकोला दुकानात बोलावून दाखवली. कामाचा अभिमान, दुसरं काय.

पितृपक्षात विधी झाला. नानांनीच सांगितला, मी केला. आई प्रिंट मांडीवर घेऊन घरी बसून राहिली.

फाल्गुनात, होळीच्या आसपास, भर दुपारी दुकानाच्या फळीपाशी एक माणूस येऊन उभा राहिला. मी पत्रिकेतल्या गणपतीत गुंतलो होतो, "बोलिए" म्हणत वर बघितलं.

लिहितानाही शरम वाटते... मी भावाला ओळखलं नाही. मी माझी फाईल ओळखली! ती उतरलेली पापणी, ते बसलेलं नाक, हनुवटीवरचा तो कोरा तुकडा, सगळं मीच माउसनं केलेलं, दुकानासमोर उन्हात उभं होतं. मग त्यानं तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाला, "दादा..."

तोंडावर हात का, ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढचे दात नव्हते.

त्याला कसा घरी नेला, कोण कोण रडलं, ते सांगत बसत नाही. नाना भिंतीला टेकून खालीच बसले. ज्याला स्वतःच्या तोंडानं मंत्र म्हणून जाळला तो समोर उभा होता, आणि पाया पडायला वाकला तेव्हा नानांनी पाय आत ओढून घेतले, राग म्हणून नाही, शरमेनं. आईनं मात्र त्याला पोटाशी धरलं, तोंड कुरवाळलं, म्हणाली, "मी सांगत होते ना! मी सांगत होते, हा आहे!" त्या दिवशी ती हवेत होती.

हे एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता विनूनं आपली हकीकत सांगितली. ढाब्यावर काम केलं, मग ट्रकवर क्लीनर, मग जबलपूरला राहून स्वतः ट्रक चालवायला लागला. दिवाळीच्या आधी टायर बदलताना जॅकचा दांडा उसळून तोंडावर बसला. नाक, दात, पापणीला टाके, हनुवटीला टाके. इस्पितळात पडल्या पडल्या घर आठवलं, म्हणून आला.

मी म्हटलं, "दिवाळीच्या आधी म्हणजे ह्या नाही, त्याच्या आदल्या दिवाळीच्या?"

"नाही रे, आत्ताच्या."

"शक्यच नाही. आम्ही तुझं चित्र पितृपक्षाच्या आधी केलं."

"दादा, माझं तोंड कधी फुटलं ते मला माहीत नसेल का?" असं म्हणून त्यानं खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेला एक फोटो काढला. दसऱ्याला ट्रकची पूजा केली तेव्हाचा. म्हणजे आमचा विधी उरकल्यानंतरचा. ट्रकला झेंडूच्या माळा, पुढे विनू, आणि... नाक सरळ. दोन्ही डोळे एका रेषेत. हसतोय, आणि दात शाबूत.

माझ्या बायकोनं फोटो हातात घेतला आणि पटकन बोलून गेली, "अहो, हा तर तुमचा पहिला फोटो!"

खरंच तो तोच होता. मी दुकानात जाऊन फाईल उघडली, तो फोटो शेजारी धरला. माझं गणित केसभरही चुकलं नव्हतं. आम्ही चित्र करत होतो तेव्हा विनू माझ्या पहिल्या चित्रासारखा होता. आईनं "हा विनू नाही" म्हणून ज्याला हाकललं, तोच विनू होता. आणि तिनं बोट ठेवून ठेवून जे करायला लावलं, ते तेव्हा जगात कुठेच नव्हतं. दोन्ही फाईलींच्या तारखा कंप्युटरमध्ये होत्या, त्या मी पुन्हा पुन्हा बघितल्या.

घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी पदर तोंडावर ओढून बसली होती. "मी म्हटलं म्हणून झालं त्याचं," ती म्हणाली. "चांगलं होतं माझं पोर. मी बसून बसून नाक मोडलं त्याचं."

"आणि मी रंगवलं," मी म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण ते खरंच होतं.

त्या दिवसापासून तिनं विनूच्या तोंडाकडे बघणं सोडलं. त्याला वाढायची, त्याच्या पायाला तेल लावायची, पण नजर छातीच्या वर जायची नाही. आणि विनूला वाटलं, आपण कुरूप झालो म्हणून आईला बघवत नाही! तो आणखी तोंड झाकायला लागला. एका घरात दोन माणसं एकमेकांपासून तोंड लपवत फिरत होती, आणि आम्ही बाकीचे कुठे बघावं हे न कळून ताटात बघत जेवायचो.

त्यातून नानांचं शास्त्र होतंच. जिवंत माणसाचा असा विधी होऊन तो परत आला, तर त्याला नुसता घरात घेता येत नाही. तुपानं न्हाऊ घालून नवा जन्म द्यायचा, आणि बाळाचे सगळे संस्कार पुन्हा करायचे. मी म्हटलं, नाना, सोडा ना आता, कोण बघतंय! ते म्हणाले, "मी बघतोय. शास्त्र काढून त्याला जाळलं मी. शास्त्रानंच परत आणीन, चोरून नाही." दुसरा पंडित बोलावायला त्यांची जीभ रेटेना, तेव्हा पूजा सांगायलाही तेच बसले. गल्लीत बातमी फुटलीच. "पंडितजी के घर लड़का हुआ है, दाढ़ीवाला!" पोरं दारात गर्दी करून हसत होती आणि बायकोनं दार लावून घेतलं.

विनूला अंगभर तूप चोळलं. मग आईला पाटावर बसवलं आणि त्या थोराड, तुपकट माणसाचं डोकं तिच्या मांडीवर दिलं. विनूनं एका हातानं तोंड झाकलेलं, आईचे डोळे मिटलेले. नाना वाकले. बारा वर्षांत... बारा वर्षं कसली, जन्मात मी त्यांना विनूकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. विनूचा हात बाजूला सारून जे फुटलं होतं ते सगळं त्यांनी नीट बघून घेतलं; सोडल्याबरोबर विनूनं हात पुन्हा तोंडावर नेला. मग म्हणाले, "शास्त्रात बापानं मुलाचं तोंड बघायचं असतं. बघितलं मी. आता तू बघ."

"काय बघू?" आई म्हणाली. डोळे मिटलेलेच. "माझंच पाप आहे ते."

विनूला तेव्हा कुठे कळलं, आई का बघत नाही ते. त्यानं तोंडावरचा हात काढला.

"आई," तो म्हणाला, "आत्ता जन्मलोय मी. दात घेऊन जन्मलो असतो तर घाबरली नसतीस का?"

आधी नानांना विधीच्या मध्येच फिसकन हसू फुटलं. मग आम्ही सगळेच. आई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे उघडले, आणि समोर विनूचं तोंड होतं. तिनं बघितलं. मग जी रडली... त्याच्या नाकावरून, त्या कोऱ्या हनुवटीवरून हात फिरवत "बाळा, बाळा" एवढंच म्हणत होती. नानांनी कानात नाव सांगितलं. तेच ठेवलं, विनायक.

हे कसं झालं? मला विचारू नका. योगायोग म्हणावं तर किती गोष्टींचा? नाक, दात, पापणी, हनुवटी... आणि माझी बुद्धी मला दुसरं काही म्हणू देत नाही. होणार होतं म्हणून तिच्या हाताला कळलं, की तिनं सांगितलं आणि मी काढलं म्हणून झालं, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलो नाही. मित्र म्हणतात, पहिलंच धर, मनाला बरं. धरतो. पण जिवंत माणसाचा चेहरा त्यानंतर मी कधी काढला नाही. सांगायलाही लाज वाटते, शिकलेला माणूस!

आई मात्र बदलली. विनू पुढे बनारसमध्येच टेम्पो चालवायला लागला, आणि घरी कोणीही आलं, यात्रेकरू असो, शेजारीण असो, की आई सुरू व्हायची, "आमचा विनू बघितलात का? नाक कसं सरळ आहे त्याचं. दात तर मोत्यांसारखे." पाहुणे चमकून विनूकडे बघायचे, मग आमच्याकडे. आम्ही खाली बघायचो. एकदा मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, आई, लोक हसतात गं. ती हळूच म्हणाली, "हसू दे. एकदा माझं म्हटलेलं लागलंय ना? मग पुन्हा लागेल." 

शेवटची काही वर्षं तिला दिसत नव्हतं. तेव्हाही ती अंथरुणावरून रोज विचारायची, "विनू, नाक सरळ झालं का रे?" आणि विनू तिचा हात धरून आपल्या गालावर ठेवायचा, नाकाच्या जवळ जाऊ द्यायचा नाही, आणि म्हणायचा, "झालं की. कधीच झालं."